अक्कलदाढ आणि सर्दी-खोकला: व्हायरल मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: वारंवार सर्दी, खोकला, सायनस, दमा यांनी त्रस्त असाल तर कारण छातीत शोधू नका, तोंडात शोधा. अक्कलदाढेखाली पू साठतो आणि रक्तावाटे फुप्फुसात उतरतो. घसा दुखणं, गळ्यात गाठी येणं ही त्याचीच खूण. जपानमध्ये हे सिद्ध झालंय. दाढ दुखत नसली तरी चारही काढून टाका, दमासुद्धा जातो. डॉक्टर हे सांगणार नाहीत.

हा मेसेज निव्वळ खोटा असता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. त्यात खऱ्या गोष्टींचे तुकडे आहेत, म्हणूनच तो पटतो. अक्कलदाढ आणि श्वसनमार्ग यांचा संबंध आहे, पण मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही, आणि बऱ्याच वेळा तर उलट्या दिशेने आहे. मला काळजी वाटते ती दोन प्रकारच्या माणसांची. एक, जे चांगली दाढ काढून घेतील. दुसरे, जे खोकल्याची तपासणी पुढे ढकलून दाढेच्या मागे लागतील. दुसऱ्यांची जास्त.

"अक्कलदाढेखालचा पू रक्तातून फुप्फुसात उतरतो, म्हणून सारखी सर्दी होते."

सर्दी विषाणूंमुळे होते. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यातल्या एकाशी लढून तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरेशी अडवत नाही. म्हणून धडधाकट प्रौढ माणसालाही वर्षातून दोन-तीनदा सर्दी होते आणि त्यात काही विशेष नसतं. हे विषाणू दुसऱ्या माणसाच्या शिंकेतून, खोकल्यातून, हातांवरून आपल्यापर्यंत येतात. दाढेखाली ते तयार होत नाहीत.

अर्धवट उगवलेल्या दाढेभोवती जे जंतू वाढतात ते वेगळे. दाढेचा काही भाग हिरडीच्या पदराखाली झाकलेला राहतो, त्या खाचेत अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, हवा जात नाही. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू माजतात: प्रीव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम, पॉर्फिरोमोनास, सोबत काही स्ट्रेप्टोकोकस. हिरडी सुजते, पू येतो, तोंडाला वास येतो. या दुखण्याला दंतवैद्य पेरिकोरोनायटिस म्हणतात. सर्दीच्या किंवा फ्लूच्या विषाणूंशी या जिवाणूंचं काही नातं नाही.

आणि वयाचं गणित बघा. अक्कलदाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात. सर्दी-खोकल्याने सर्वात जास्त बेजार असतात ती पाच वर्षांखालची मुलं. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं या वयात नेहमीचं आहे, आणि त्यांच्या तोंडात एकही अक्कलदाढ नसते. दुसऱ्या टोकाला न्यूमोनियाचा सर्वाधिक धोका असतो तो वृद्धांना, ज्यांच्यातल्या अनेकांच्या अक्कलदाढा केव्हाच पडलेल्या किंवा काढलेल्या असतात. दाढ हेच मूळ असतं तर छातीच्या दुखण्यांची गर्दी विशी-तिशीत दिसली असती.

राहिला रक्ताचा मार्ग. तोंडातले जिवाणू रक्तात शिरतात हे खरं आहे. हिरड्या खराब असतील तर चावतानाही शिरतात, ब्रश करतानाही. पण निरोगी शरीर त्यांना थोड्याच वेळात साफ करतं. या मार्गाने ज्यांना खरा धोका असतो ते म्हणजे कृत्रिम झडपा बसवलेले किंवा पूर्वी झडपांना संसर्ग झालेले हृदयरुग्ण. दात काढण्याआधी त्यांना प्रतिजैविक देतात ते त्याचसाठी. रक्तावाटे फुप्फुसात पुवाचे कण जाण्याचा एक प्रकार आहे, फ्रेंच वैद्य आंद्रे लेमिएर यांनी 1936 साली वर्णन केलेला. त्यात मानेच्या मोठ्या शिरेत रक्ताची संसर्गित गुठळी होते आणि तिचे तुकडे फुप्फुसात जातात. पण तो दुर्मीळ आहे, बहुतेक वेळा घशाच्या संसर्गातून सुरू होतो, दातातून क्वचित, आणि रुग्ण तीव्र तापाने रुग्णालयात दाखल करावा लागेल इतका आजारी असतो. वर्षभर रेंगाळणारी सर्दी म्हणजे हा आजार नव्हे.

"दाढ सुजते त्याच आठवड्यात सर्दी-खोकला येतो. हा योगायोग कसा असेल?"

योगायोग नाहीच. ज्यांनी हे स्वतः अनुभवलंय त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. पेरिकोरोनायटिसच्या आधी काय घडलं याची विचारपूस झालेली आहे, आणि त्यात वारंवार पुढे आलेल्या गोष्टी दोन: मानसिक ताण आणि नुकताच झालेला श्वसनमार्गाचा वरचा संसर्ग. म्हणजे सर्दी किंवा घसा आधी, दाढ नंतर.

हे का होतं हे समजणं अवघड नाही. नाक बंद झालं की माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो. तोंड कोरडं पडतं. लाळ ही तोंडाची स्वतःची धुलाई आहे, ती कमी झाली की खाचेतले जिवाणू मोकाट सुटतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये अँटिहिस्टामाइन, म्हणजे नाक वाहणं थांबवणारं औषध असतं, ते लाळ आणखी कमी करतं. घसा दुखत असतो, उबळ येते, त्यामुळे ब्रश मागच्या दाढांपर्यंत नेववत नाही. ताप असला तर पाणी कमी जातं. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा विषाणूमागे लागलेली असते. हिरडीच्या पदराखाली जिवाणू कित्येक महिन्यांपासून बसलेलेच होते, आतापर्यंत त्यांचा तोल राखला गेला होता, तो या चार-पाच दिवसांत ढळतो. पदर सुजला की समोरची वरची दाढ त्यावर टोचते, त्याने तो आणखी सुजतो.

सर्दी सुरू होते तेव्हा ती 'नेहमीची' म्हणून कोणी लक्षात ठेवत नाही. दाढेची कळ मात्र झोप उडवते, ती तारखेसकट लक्षात राहते. मग नंतर आठवताना क्रम उलटा होतो: दाढ दुखली आणि सर्दी झाली. खोकला तर सर्दीनंतर दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यामुळे दाढ बरी झाल्यावरही तो चालूच असतो आणि संशय पक्का होतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट मात्र निघते. ज्यांची अक्कलदाढ अर्धवट बाहेर आहे त्यांनी सर्दीच्या दिवसांत त्या कोपऱ्याकडे नेहमीपेक्षा जास्त लक्ष द्यावं. लहान डोक्याचा मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी. अनेकांची दाढ एवढ्यानेही शांत राहते.

सिगारेटचंही इथेच सांगायला हवं. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्याही बिघडलेल्या असतात आणि त्यांना खोकलाही असतो. दोन्ही एकाच माणसात दिसतात म्हणून एकातून दुसरं झालं असं होत नाही, दोन्हींमागे तंबाखू आहे.

"सायनसचं खरं कारण अक्कलदाढ असते."

या दाव्यात तथ्य सर्वात जास्त आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गालामागे, वरच्या जबड्याच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंना पोकळ्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांचा तळ म्हणजेच वरच्या जबड्याच्या मागच्या दातांच्या मुळांचं छप्पर. काही जणांत मूळ आणि पोकळी यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो, काहींत तोही नसतो, नुसतं अस्तर असतं. अशा दाताच्या मुळाशी पू झाला तर तो वर पोकळीत शिरू शकतो. दातातून होणारा सायनसचा हा आजार खरा आहे, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तो निसटण्याची उदाहरणंही कमी नाहीत, कारण दात दुखतच असेल असं नाही.

पण मेसेज ज्या गोष्टी गाळतो त्याच इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली: खालच्या अक्कलदाढांचा सायनसशी काही संबंध येत नाही. त्या खालच्या जबड्यात आहेत, पोकळ्या वरच्या जबड्यावर. आणि पेरिकोरोनायटिसचा त्रास देणाऱ्या बहुतेक दाढा खालच्याच असतात. दुसरी: वरच्या दातांमध्येही या आजाराला बहुधा कारणीभूत होते ती पहिली दाढ, तिच्या खालोखाल दुसरी. अक्कलदाढेचा नंबर त्यानंतर. तिसरी: हा आजार जवळजवळ नेहमी एकाच बाजूला होतो. एकाच नाकपुडीतून पिवळट-हिरवा, घाण वासाचा स्राव, त्याच बाजूचा गाल जड, औषधांनी तात्पुरतं बरं वाटून पुन्हा तेच. दोन्ही नाकपुड्या वाहतात, शिंका येतात, डोळे खाजतात, हवा बदलली की वाढतं, असं असेल तर दाताकडे नव्हे, अ‍ॅलर्जीकडे बघायला हवं.

एका बाजूचं लक्षण असलेल्यांनी दंतवैद्याकडून वरचे मागचे दात नीट तपासून घ्यावेत, हा सल्ला मी मनापासून देतो. साध्या एक्स-रेमध्ये मुळाशी काय चाललंय ते पुष्कळदा दिसत नाही, कारण तिथे हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. अशा वेळी कोन बीम सीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, उपयोगी पडतो. कारण सापडलं तर उपचार त्या दाताचा होतो, कधी रूट कॅनॉल, कधी दात काढणं, आणि गरज असेल तर सायनसचाही. चार अक्कलदाढा काढण्याचा यात कुठेच प्रश्न येत नाही.

उलट दिशेची फसगतही होते. वरच्या दातांच्या नसा सायनसच्या भिंतीतून जातात. सायनस सुजला की त्या नसा दुखतात आणि माणसाला वाटतं दात दुखतोय. ओळखायची खूण अशी की दुखणं एका दाताचं नसतं, एका बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम ठणकतात, आणि खाली वाकलं किंवा जिना उतरताना हादरा बसला की जास्त. अशा दुखण्यासाठी दाढ काढली तर दाढ जाते आणि दुखणं राहतं.

"घसा दुखतो, गळ्यात गाठी येतात, म्हणजे संसर्ग छातीत उतरला."

खालची अक्कलदाढ घशाच्या अगदी तोंडाशी आहे. तिथली सूज टॉन्सिलच्या जवळच्या भागापर्यंत पसरते, गिळताना दुखतं, कानात कळ जाते. जबड्याखाली येणाऱ्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. त्या भागातला संसर्ग अडवण्याचं काम करताना त्या सुजतात. म्हणजे संसर्ग तिथे थोपवला जातोय. छातीशी याचा संबंध नाही.

मात्र याच जागेतून एक खरा, जीवघेणा धोका निर्माण होतो, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या (म्हणजेच अक्कल) दाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीच्याही खाली उतरलेली असतात. तिथून पू फुटला तर तो थेट जबड्याखालच्या आणि मानेच्या जागांमध्ये पसरतो. जिभेखालचा भाग फुगतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट बंद होऊ लागते. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 साली हे वर्णन केलं आणि आजही त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. क्वचित हाच पू मानेतून छातीच्या मधल्या भागात उतरतो.

त्याची लक्षणं लक्षात ठेवा: तोंड दोन बोटंही उघडत नाही, लाळ गिळता येत नाही आणि बाहेर ओघळते, आवाज तोंडात गरम घास असल्यासारखा येतो, जिभेखाली किंवा हनुवटीखाली टणक सूज, ताप, आडवं झालं की श्वास कोंडतो. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, दंतवैद्याची वेळ घ्यायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं.

"तोंडातले जंतू फुप्फुसात जातात हे जपानमध्ये सिद्ध झालंय."

झालंय. पण काय सिद्ध झालं ते पूर्ण वाचा. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या वृद्धांचे दोन गट केले. एका गटाला रोज जेवणानंतर कर्मचाऱ्यांनी दात-हिरड्या स्वच्छ करून दिल्या, आणि दंतवैद्याकडून नियमित साफसफाई करवली. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चाललं. दोन वर्षांत दुसऱ्या गटात 19 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, पहिल्या गटात 11 टक्के. फरक मोठा आहे. रुग्णालयातल्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषणही अलीकडे प्रसिद्ध झालं. त्यातही रोज ब्रश केलेल्या रुग्णांमध्ये, विशेषतः व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये, न्यूमोनिया कमी आढळला.

हे घडतं ते रक्तातून नव्हे. ज्यांना नीट गिळता येत नाही, खोकून बाहेर काढता येत नाही, शुद्ध अर्धवट आहे, त्यांच्या तोंडातली लाळ झोपेत श्वासनलिकेत ओघळते. लाळेत जिवाणू जितके जास्त, तितका धोका जास्त. फुप्फुसातला पुवाचा गळूही असाच होतो: हिरड्या सडलेल्या, आणि अति मद्यपानाने किंवा फिट येऊन शुद्ध हरपलेली. दात नसलेल्या माणसांत तो क्वचितच दिसतो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून शिकवलं जातं.

या सगळ्यातून अक्कलदाढा काढा असं कुठेही निघत नाही. निघतं ते हे की घरात अर्धांगवायू झालेलं, अंथरुणाला खिळलेलं किंवा स्मृतिभ्रंश झालेलं कोणी असेल तर त्यांचं तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करा, कवळी असेल तर रात्री काढून धुवून ठेवा, भरवताना पाठ सरळ ठेवून बसवा. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी त्याऐवजी एवढं पाठवलं तरी कोणाचा तरी न्यूमोनिया टळेल.

"दुखत नसली तरी चारही काढा, सगळे आजार जातात."

ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे आणि तिचा इतिहास भयंकर आहे. 1910 साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी कॅनडातल्या माँट्रियल इथे भाषण करून तोंडातल्या 'लपलेल्या' पुवाला असंख्य आजारांसाठी जबाबदार धरलं. त्यानंतरची दोन-तीन दशकं संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही दात आणि टॉन्सिल काढले जात. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी रुग्णांचे हजारो दात काढले, तेवढ्याने भागेना म्हणून आतड्याचे भागही काढले. कित्येक रुग्ण त्यात दगावले. अखेर 1938 साली रसेल सेसिल यांनी, जे आधी स्वतः या विचाराचे होते, संधिवाताच्या 200 रुग्णांचा आढावा घेऊन दात-टॉन्सिल काढल्याने आजारात फरक पडत नाही असं दाखवलं. पुढे ही पद्धत मागे पडली.

दाढ काढायची वेळ येते, आणि तेव्हा ती काढावीच. न भरता येणारी कीड, मुळाशी गळू, सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी), शेजारच्या दाढेला इजा, पेरिकोरोनायटिस पुन्हा पुन्हा होणं किंवा पहिल्यांदाच फार तीव्र होणं, ही त्याची कारणं. ब्रिटनच्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2000 सालीच मार्गदर्शन केलं की रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा निव्वळ खबरदारी म्हणून काढू नयेत. सगळ्या देशांतले शल्यविशारद याच्याशी शंभर टक्के सहमत नाहीत, काही जण ठरावीक दाढा तरुणपणीच काढण्याच्या बाजूचे आहेत. पण त्यांची कारणंही शेजारच्या दाताची आणि हिरडीची असतात, सर्दीची किंवा दम्याची नव्हेत.

आणि ही शस्त्रक्रिया बिनधोक नाही. खालच्या दाढेजवळून ओठाला आणि जिभेला संवेदना देणाऱ्या नसा जातात. त्या दुखावल्या तर ओठ-जीभ बधिर होते, बहुतेकांची बरी होते, काहींची कायम राहते. दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं, ज्याला ड्राय सॉकेट म्हणतात, तर त्याची कळ आठवडाभर छळते. वरची दाढ काढताना तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडू शकतं, मुळाचा तुकडा पोकळीत सरकू शकतो. म्हणजे सायनस बरा व्हावा म्हणून चांगली दाढ काढायची आणि नसलेला सायनस ओढवून घ्यायचा.

"माझी दाढ काढली आणि खोकला गेला."

जाणारच होता. माणूस उपचाराला जातो तो त्रास टोकाला पोचल्यावर, आणि टोकाला पोचलेली सर्दी त्यानंतर उतरतेच. शिवाय दाढ काढताना प्रतिजैविक आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्याही दिलेल्या असतात. पुढचं वर्षभर त्या माणसाला किती वेळा सर्दी झाली हे मेसेजमध्ये कधीच येत नाही.

दम्याचं तर स्पष्टच सांगतो. दाढ काढून दमा जात नाही. या भरवशावर इनहेलर बंद केला तर झटका येऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

"डॉक्टर हे सांगणार नाहीत."

दात काढणं हे दंतवैद्याचं उत्पन्नाचं काम आहे. चार दाढा काढून दमा जात असता तर ते लपवण्यात त्यांचा काय फायदा?

मग खोकला जात नसेल तर काय करायचं? दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला डॉक्टरांना दाखवायचा. सोबत संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, कफात रक्त असेल तर थुंकीची आणि छातीची तपासणी लगेच, कारण क्षयरोग वेळेत सापडला तर बरा होतो आणि तोवर घरातल्यांना त्याची लागण होऊ शकते. रात्री-पहाटे धाप आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर दम्याची तपासणी. जेवणानंतर, आडवं झाल्यावर वाढत असेल तर आम्लपित्त. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, त्यामुळे चालू औषधांची यादी बरोबर न्यायची.

दाढ काढण्याची तारीख खऱ्या कारणासाठी ठरलेली असेल आणि मध्येच सर्दी-ताप आला, तर दंतवैद्याला आधी फोन करून सांगा. भूल देऊन काढायची असेल तर बहुधा तारीख पुढे नेतात, कारण सुजलेल्या श्वासनलिकेला भूल मानवत नाही. गळू असेल, सूज वाढत असेल तर मात्र थांबत नाहीत. वरची दाढ काढताना सायनस उघडल्याची शंका आली असेल तर डॉक्टर सांगतील तोवर, साधारण दोन आठवडे, नाक जोरात शिंकरायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, आणि शिंक आलीच तर नाक न दाबता तोंड उघडं ठेवून शिंकायचं.